सभेच्या आधीची बातमी

देवपूर, धुळे
२ मे १९९२

चि. उत्पला,
जय भीम.

तुझ्या आईचं पत्र काल मिळालं. पत्र कसलं, फिर्यादच! "दादा, तुमची भाची पुण्याला जायचं म्हणते, सिनेमा शिकायला. तिचे आबा म्हणतात, आधारभाऊ सांगतील तसं करू." वा रे न्याय! पोर माझ्या बहिणीची, बाप रावेर स्टेशनात पॉइंट्समन, आणि रूळ बदलायचा कोणी? मी!

ठीक आहे. निर्णय माझ्यावर टाकलाच आहे तर ऐक. जळगावला पत्रकारितेच्या वर्गात तुझं नाव लागलं आहे. १५ जूनपर्यंत तिथला प्रवेश पक्का करायचा. पुण्याची चित्रपटनिर्मितीची मुलाखत १६ जूनला. जळगाव सोडून पुण्याला गेलीस आणि तिथे नापास झालीस, तर हातात काय? आणि पास झालीस, तरी काय? पडद्यावरची खोटी माणसं, खोटं रडू, खोटा पाऊस!

तू एवढीशी होतीस तेव्हा मी तुला टेबलावर उभं करून बोलायला शिकवलं. श्वास कुठे घ्यायचा, हात कुठे ठेवायचे, सगळं. जळगावच्या कॉलेजात तू वक्तृत्वाच्या ढाली जिंकल्यास, त्या काय यासाठी? तुझे पणजोबा गावची दवंडी पिटत होते. हुकूम पाटलाचा, घसा आपला. म्हणून मी माझ्या साप्ताहिकाचं नाव 'दवंडी' ठेवलं. आता हुकूमही आपला आहे. माझ्यानंतर हा घसा कोणाचा, हे मला सांग, मग पुण्याचं तिकीट काढ.

दुसरं. पुढच्या रविवारी, १० तारखेला, पिंपळनेरजवळच्या एका गावात आपली सभा आहे. गावच्या पडीक गायरानावर भूमिहीन घरांनी नांगर घातला आहे, आणि गावातली बडी मंडळी त्यांना हुसकायला टपली आहेत. द्रौपदाबाई म्हणून एक विधवा बाई आहे. पहिला नांगर तिने धरला. ती सभेत बोलणार आहे. तुझ्या त्या मगनचा कॅमेरा घेऊन ये. सिनेमाच काढायचा तर असला काढ!

तुझा मामा,
आधार

---

रावेर
६ मे १९९२

प्रिय मामा,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "खोटा पाऊस" आला तेव्हा ती म्हणाली, "दादा पत्रातसुद्धा माईकवर बोलतो."

मामा, तुम्ही मगनभाऊंना "तुझा तो मगन" म्हणता, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगते. त्यांचं इथे व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. लग्नात हळदीच्या वेळी बायकांमध्ये पुरुष कॅमेरा घेऊन गेला की बायका अवघडतात, तोंडाला पदर लावतात. म्हणून गेल्या लग्नसराईपासून ते मला नेतात. मला कॅमेरा धरता येतो तो त्यांच्यामुळे.

मार्चमध्ये केळीवाल्यांच्या घरचं एक लग्न होतं. मांडवात माईकवरून पाहुण्यांची नावं पुकारणं चालू होतं, अमुक गावचे अमुक आबा, तमुक गावचे तमुक नाना. तासभर तेच. मांडवाच्या मागे नवरीची आई एकटी बसून लेकीच्या पेटीला दोरी बांधत होती. गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. तिचं नाव कोणी पुकारलं नाही. मी ते टिपलं. लग्नानंतर घरच्यांनी टेप पाहिली तेव्हा मानपानासाठी भांडलेला नवरीचा बाप त्या ठिकाणी उठून बाहेर गेला. मामा, मी इतक्या ढाली जिंकल्या, पण माझ्या भाषणाने कोणी उठून बाहेर गेलं नाही. (कंटाळून गेले असतील, ते वेगळं.)

म्हणून मला पुणे हवं आहे. तुमचा घसा मला नको असं नाही. पण मला ऐकायला शिकायचं आहे, आणि पुण्याच्या त्या चित्रपट संस्थेत ते शिकवतात असं मला वाटतं. चुकत असेन तर मुलाखत घेणारे सांगतीलच. मुलाखतीपर्यंत तरी मला जाऊ द्या. आबांना एक ओळ लिहा. तुमच्या ओळीशिवाय ते हलणार नाहीत.

रविवारी मी येते. मगनभाऊंनी कॅमेरा दिला आहे, टेप एक आणि बॅटरी एक.

तुमची,
उत्पला

---

धुळे
१३ मे १९९२

चि. उत्पला,
जय भीम.

काय सभा झाली! अजून घसा बसलेला आहे. तू कॅमेरा डोळ्याला लावून समोर उभी होतीस, तर मला दुप्पट जोर चढला. परतीच्या एस.टी.त तू फार गप्प होतीस. दमली असशील.

सोबत सोमवारचा अंक पाठवतो. पहिलं पान पाहा. मथळा आठ कॉलमी. साक्रीत अंक दुपारच्या आत संपले. हीच ताकद, पोरी! तुझी टेप कोण बघणार? ज्याच्या घरी तो खोका आहे तो. हा अंक चहाच्या टपरीवर एक जण वाचतो आणि दहा जण ऐकतात.

तुझ्या पत्रातली पेटीची हकीगत चांगली आहे. तीच लिहून पाठव, आत छापतो. बघ, तुझ्या सिनेमाचंही शेवटी साप्ताहिकच झालं!

तुझ्या आबांना, अभिमनरावांना, लवकरच लिहितो. जळगावला खोलीची चौकशी करून ठेवली आहे.

मामा

---

रावेर
१७ मे १९९२

मामा,

अंक मिळाला. पहिलं पान दोनदा वाचलं, मग मगनभाऊंच्या दुकानात जाऊन टेप दोनदा पाहिली.

अंकात लिहिलं आहे: "द्रौपदाबाईंनी माईक हातात घेऊन गर्जना केली, 'रक्त सांडेन, प्राण देईन, आडवा येईल त्याला आडवा करीन, पण ही जमीन सोडणार नाही!' टाळ्यांच्या कडकडाटाने परिसर दणाणून गेला."

मामा, तुम्ही तिचं नाव पुकारलं, ती स्टेजवर आली, तुम्ही माईक तिच्यापुढे केला, आणि तिने मान हलवून हात जोडले. मग ती खाली उतरली. टाळ्या वाजल्या नाहीत. तुम्हीच "बाईंचा कंठ दाटून आला आहे" म्हणालात आणि पुढे बोलू लागलात. ती उतरेपर्यंतचं सगळं टेपमध्ये आहे.

मग हे शब्द कुठून आले? मला वाटतं तुमच्या जुळाऱ्याची, वनाभाऊंची, काही गफलत झाली असेल. दुसऱ्या सभेतल्या कोणा बाईचे शब्द इथे जुळवले गेले असतील. तसं असेल तर पुढच्या अंकात लगेच दुरुस्ती द्या. बाईंच्या नावावर "आडवा करीन" हे बरं नाही. त्या गावात त्यांना राहायचं आहे, आपल्याला नाही.

आबा रोज विचारतात, मामाचं पत्र आलं का.

उत्पला

---

धुळे
२३ मे १९९२

उत्पला,

वनाची गफलत नाही. वना तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो आहे, त्याच्यावर ढकलू नकोस.

आता नीट ऐक, कारण हे तुला जळगावच्या वर्गात कोणी शिकवणार नाही. 'दवंडी' सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने साक्री, शिरपूर, पिंपळनेरला जाते. गिरधरशेठच्या छापखान्यात आपल्या जुळवलेल्या पानांचा फर्मा शनिवारी बंद होतो. रविवारी जुळारी नसतो, मशीन बंद. आणि आपल्या सभा रविवारी, कारण मजुराला दुसरा वार मोकळा नाही. मग रविवारची सभा सोमवारच्या अंकात कशी यायची? आदल्या दिवशी लिहूनच! मी पंधरा वर्षं असंच करतो. सगळी साप्ताहिकं असंच करतात. आणि पंधरा वर्षांत जे लिहिलं, तसंच घडलं, कारण सभा माझी, भाषण माझं, माणसं माझी!

द्रौपदाबाई बोलणार असं ठरलं होतं. ऐन वेळी ती बुजली. पण जे मी लिहिलं ते तिच्या मनात नव्हतं का? ज्या बाईने पहिला नांगर धरला, तिच्या मनात दुसरं काय असेल? मुक्यांना शब्द देणं हे आपलं काम आहे. आपली चळवळ छापखान्यात जन्मली, कॅमेऱ्यात नाही. तू एका बाईचे जोडलेले हात घेऊन बसली आहेस, आणि मी शेकडो हातांचा विचार करतो आहे. दुरुस्ती छापली तर उद्या बडी मंडळी म्हणतील, यांचं सगळंच खोटं. जमीनसुद्धा जाईल.

ती टेप मगनला परत दे. लग्नसराई आहे, त्याला टेप लागत असेल. त्याच्यावर तो दुसरं लग्न भरून घेईल.

अभिमनरावांना मी अजून लिहिलेलं नाही. तुझं डोकं शांत झालं की कळव, मग लिहीन.

मामा

---

रावेर
३० मे १९९२

मामा,

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. ती मला त्या गावच्या शाळेतल्या चिंधा गुरुजींच्या कार्डावरून कळली. सभेच्या दिवशी मी त्यांना माझा पत्ता दिला होता.

द्रौपदाबाईंना ठाण्यात बोलावलं. एकदा नाही, तीनदा. सकाळी न्यायचं, संध्याकाळी सोडायचं. टेबलावर 'दवंडी'चा अंक ठेवलेला, तांबड्या शाईने खुणा केलेला. "आडवा करीन म्हणालीस ना? लिहून दे, पुन्हा गायरानात पाऊल ठेवणार नाही. नाहीतर चॅप्टर केस." त्या म्हणतात, मी बोललेच नाही. साहेब म्हणतात, छापून आलंय. गुरुजींनी लिहिलंय की हे सगळं त्यांनी तुम्हाला १९ तारखेलाच कळवलं आहे. म्हणजे मला २३ ला पत्र लिहिताना तुम्हाला माहीत होतं.

मृग तोंडावर आला. आता पाऊल ठेवता आलं नाही तर पेरणी गेली, आणि पेरणी गेली तर कब्जा गेला. जमीन दुरुस्तीने जाणार नाही मामा, या बातमीने जाईल.

मगनभाऊंना मी तुमचं म्हणणं सांगितलं. म्हणाले, "लग्नं दर वर्षी होतात गं. हे कशाला पुसू?" त्यांनी दोन मशीन जोडून टेपची नक्कल काढली. ती मी साक्रीच्या रुपचंद वकिलांकडे एस.टी. पार्सलने पाठवली आहे. बाईंसाठी ते ठाण्यात उभे राहणार आहेत.

आता माझंही ऐका, म्हणजे मी तुम्हाला उपदेश करते असं वाटणार नाही. बॅटरी एकच होती. ती सगळी मी तुमच्या भाषणावर घालवली. तुमचा वर गेलेला हात, घाम, मुठी. फार छान दिसत होतात तुम्ही. द्रौपदाबाई हात जोडून स्टेजवरून उतरल्या आणि कॅमेरा बंद पडला. मग त्या सरळ माझ्याकडे आल्या. एवढ्या सभेत बाई माणूस मीच जवळ होते. म्हणाल्या, "तुना मामा मरानी गोट कसाले करस माय? मी मरी गऊ, ते वावर कोन पेरी?"

हे शब्द माझ्या टेपमध्ये नाहीत. जिच्यासाठी सभा होती तिला सोडून मी तुम्हालाच टिपत बसले. तुम्ही तिच्या तोंडी शब्द घातले आणि मी तिचे शब्द घालवले. म्हणून मला शिकायला जायचं आहे, जळगाव किंवा पुणे, जिथे कोणी मला आधी ऐक म्हणेल तिथे. मला अजूनही वाटतं ते पुणे आहे.

आबांना तुम्ही काय लिहायचं ते लिहा. टेप पाठवली म्हणजे तुमची ओळ येणार नाही हे मला कळतं. कळूनच पाठवली.

उत्पला

---

धुळे
११ जून १९९२

चि. उत्पला,
जय भीम.

इतके दिवस उत्तर दिलं नाही. पहिले दोन दिवस रागाने. मग मी धुळ्यात नव्हतो. मग मी धुळ्यात नव्हतो.

साक्रीला रुपचंद वकिलांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो, पोरीची टेप माझ्याविरुद्ध का वापरता म्हणून. ते म्हणाले, आधी बघा तर. त्यांच्या घरी टीव्ही आहे. त्यांची म्हातारी आई, भिकुबाई, माझ्या शेजारी बसून बघत होती. पडद्यावर मी. हात वर, मूठ, घाम. दहा मिनिटं, वीस मिनिटं. म्हातारी वैतागून म्हणाली, "हाऊ मानूस कव्हय थांबी रे?" तिला कमी दिसतं. शेजारी तोच मानूस बसला आहे हे तिला कळलं नाही. वकील हसायचं दाबत होते.

मग ती आली. मी माईक तिच्या तोंडाशी नेला, आणि पोरी, मी तिच्याकडे बघतच नव्हतो! मी लोकांकडे बघत होतो. तिने हात जोडले ते मला त्या दिवशी दिसलेच नाहीत. पडद्यावर पहिल्यांदा दिसले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन लेखी दिलं: हे शब्द बाईंचे नाहीत, माझे आहेत, सभेच्या आदल्या दिवशी लिहिलेले आहेत. साहेब हसले. "मग केस तुमच्यावर करू का?" म्हटलं, करा. केली. आता दर सोमवारी मला हजेरी आहे. बाईंचं नाव त्यातून निघालं.

मग तिच्याकडे गेलो. ती गायरानात दगड वेचत होती. मी माफीचं बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "भाऊ, मंग बोला. पहिले हाऊ दगड उचला." दुपारपर्यंत दगड उचलले. एक वाक्य बोललो नाही. तुझ्या मामाच्या आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं. मग भाकरी खाताना मी तिला विचारलं, तू उत्पलाला जे बोललीस ते छापू का? ती म्हणाली, आधी वाचून दाखवा. तिथेच लिहिलं, वाचून दाखवलं. तिने एक शब्द बदलायला लावला. "तुना मामा" काढा म्हणाली, "बठ्ठा पुढारी" घाला. एकट्या माझ्यावर कशाला, सगळेच मरायच्या गोष्टी करतात म्हणे!

अंक सोबत आहे. पहिल्या पानावर चौकट आहे, तिचे शब्द तिच्या बोलीत, आणि खाली माझी दुरुस्ती माझ्या नावाने. गिरधरशेठ म्हणाला, धंदा बुडेल. म्हटलं, फर्मा बंद कर आणि छाप. आणि इथून पुढे रविवारची सभा त्याच्या पुढच्या सोमवारी छापणार. शिळी तर शिळी.

आता तुझं. माझं मत बदललेलं नाही, हे बजावून सांगतो. छापलेल्या शब्दाएवढी ताकद कशातच नाही. त्या बाईला तीन वेळा ठाण्यात कशाने नेलं? शब्दानेच! तुझ्या कॅमेऱ्याच्या हातीही उद्या तेवढीच ताकद येईल, तेव्हा तो कुठे लावायचा ते नीट शीक. जळगाव तुझ्यासाठी योग्य होतं असं मी मरेपर्यंत म्हणेन. पण मी तुझंही उत्तर आधीच जुळवून ठेवलं होतं, तू तोंड उघडायच्या आत. तुझं आयुष्य ही माझी शनिवारची बातमी नव्हे.

जा पुण्याला. अभिमनरावांना याच पाकिटात वेगळी चिठ्ठी आहे, ती त्यांना दे. उशीर झाला हे मला कळतं. टपालखात्याने साथ द्यावी एवढंच.

तुझा मामा,
आधार

---

रावेर
१५ जून १९९२

आधारभाऊंस,
सप्रेम जय भीम.

मला लिहायची सवय नाही. चूकभूल माफ करा.

तुमचं पाकीट आज सोमवारी मिळालं. उत्पलाच्या नावाचं होतं, मीच फोडलं. ती इथे नाही. काल ती पुण्याला गेली. भुसावळपर्यंत मी बरोबर होतो, तिथे गाडी बदलून दिली.

तुम्ही विचाराल, "माझं पत्र नसताना कशी गेली?" ते सांगायलाच लिहितो. महिनाभर ती रोज पोस्टमनची वाट बघत होती. तुमची परवानगीची ओळ काही येईना. परवा शनिवारी तिने मला सांगितलं, "आबा, मी उद्या जळगावला जाते. मामा नाही म्हणतात तर मी पुण्याला जाणार नाही. मी त्यांच्याविरुद्ध टेप पाठवली. आता त्यांची परवानगीही मोडली, तर आमच्यात काही उरणार नाही." तुमची बहीण, सुंदर, तिची बॅग जळगावसाठी भरू लागली. माझ्याच्याने ते बघवेना. मी म्हटलं, "अगं, मामाचं पत्र आलंय. स्टेशनवर आलंय. जा म्हणतात." तिने दाखवा म्हटलं. मी म्हटलं, केबिनमध्ये राहिलं. ती आईच्या गळ्यात पडून रडली, आणि बॅग पुण्यासाठी भरली.

आज तुमचं पाकीट फोडायच्या आधी दोनदा खाली ठेवलं. तुम्ही नाही लिहिलं असतं, तर मी पोरीला कायमचं फसवलं असतं. चिठ्ठी वाचली, सुंदरला वाचून दाखवली. मग अंक वाचला. चौकट वाचली, खालची तुमची दुरुस्ती वाचली. भाऊ, मीही तेच केलं की! तुम्ही तोंड उघडायच्या आधी तुमचे शब्द सांगून टाकले, तेही शनिवारीच. माझे खरे निघाले, यात माझी हुशारी काही नाही.

उत्पलाला खरं काय ते मीच लिहितो आहे. तुमचं पत्रही सोबत पाठवतो. पाकिटावरचा शिक्का बघून तारीख तिला कळेल. रागावली तर माझ्यावर रागावेल. पहिल्यापासून हा निर्णय बापाचा होता, तो मी तुमच्यावर ढकलला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे रूळ बदलले, घरच्या गाडीला हात लावायची भीती वाटली.

मुलाखत उद्या आहे. काय होईल ते माहीत नाही. सुंदर म्हणते, दादाला लिहा, पोरगी पास होणारच. मी लिहीत नाही. भुसावळला गाडी सुटताना उत्पला खिडकीतून म्हणाली, "आबा, मामांना सांगा, मुलाखत कशी झाली ते मी लिहीन. झाल्यावर लिहीन."

तुमचा,
अभिमन